मागेल त्याला काम. पण कसले काम?

(माण तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या अभ्यासवर्गाच्या चालकांनी मला जो विषय नेमून दिला तो 'युरोपातील प्रतिष्ठेचे काम, सामाजिक सहभाग आणि विषमता' असा भारदस्त आहे. माणगंगेच्या कोरड्या पात्राशेजारी बसून युरोपातल्या विषमतेची चिंता वाहण्यात थोडासा विनोद आहे, हे मी जाणतो. तरीही विषय मी बदलून घेतलेला नाही. फक्त तेथे जाण्याची वाट कुळकजाईच्या डोंगरावरून, दहिवडी-म्हसवडवरून आणि आटपाडीवरून काढणार आहे. कामाचा हक्क आणि कामाची प्रतिष्ठा हे दोन प्रश्न या मुलखाने पुस्तकातून शिकलेले नाहीत. ते त्याने खडी फोडता फोडता शिकले आहेत, आणि कधीकधी जगाच्या आधी शिकले आहेत.

म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव तुम्ही सर्वांनी पाहिलेला आहे. १८७६-७७ च्या महादुष्काळात सरकारी दुष्काळी काम म्हणून तो हाती घेण्यात आला. त्या दुष्काळात कामावरच्या माणसाला किती अन्न पुरते, याचा हिशेब कलकत्त्याच्या सरकारने सर रिचर्ड टेंपल यांच्यावर सोपविला. टेंपलसाहेबांनी मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत, असे ठरविले. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला एक पौंड धान्य! त्यावर मुंबई इलाख्याच्या दख्खन भागातील दुष्काळी मजुरांनी १८७७ च्या आरंभी जे केले, ते आपल्या चळवळीच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहिले जावयास हवे होते. त्यांनी काम सोडले. उपाशी माणसांनी संप केला, तोही सरकारच्या दुष्काळी कामावर, आणि संपकऱ्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली आणि सरकारकडे अर्जांमागून अर्ज पाठविले. 'काम द्या' एवढीच त्यांची मागणी नव्हती. काम देणार असाल तर माणूस जगेल असे द्या, असे त्यांचे म्हणणे होते. प्रतिष्ठेच्या कामाची व्याख्या यापेक्षा वेगळी काय असते?

पुढे १९०१ च्या सुमारास, पुन्हा दुष्काळात, शेजारच्या खटाव तालुक्यात सरकारचे तलावाचे काम चालू होते. त्या कामावर रामजी सकपाळ नावाचे एक निवृत्त सुभेदार रोखपाल होते. त्यांना भेटण्यासाठी त्यांची मुले साताऱ्याहून निघाली. मसूर स्टेशनावर उतरल्यावर मुले महार आहेत हे कळताच गाडीवाले गाडी देईनात. अखेर दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून ती मुले रात्रीचा प्रवास करीत गेली. जवळ खायला होते, पण प्यायला कोणी पाणी दिले नाही. त्या मुलांतील एक भीमराव. दुष्काळी कामाच्या तिजोरीचा हिशेब बापाच्या हाती, आणि त्याच कामाच्या वाटेवर मुलांना घोटभर पाणी नाही! रोजगार आणि समाजातले स्थान या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिली मिळाली म्हणजे दुसरी आपोआप मिळते असेही नाही. युरोपातील विद्वान ज्याला 'सामाजिक सहभाग' म्हणतात, त्याचा प्रश्न आपल्याकडे असा पाण्याच्या तांब्यापाशी उभा राहतो.

आता १९७२ कडे येऊ. सभागृहात पांढऱ्या केसांची जी मंडळी बसली आहेत त्यांना तो दुष्काळ सांगावयाची गरज नाही. तांबडी मिलो, सुकडी, पहाटे कामावर निघणारी माणसांची रांग, मुकादमाचे मस्टर. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. वीस-पंचवीस एकरांचा धनी आणि भूमिहीन एकाच ढिगाऱ्यापाशी खडी फोडीत होते. घराबाहेर कधी मजुरीला न गेलेल्या बायका डोक्यावर पदर घेऊन पाटी उचलीत होत्या. त्याच काळात डॉ. बाबा आढाव यांनी 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम सुरू केली, कारण दुष्काळाने सर्वांना मजूर केले तरी पाणवठे वेगळेच राहिले होते. आणि त्याच काळात, जानेवारी १९७३ मध्ये, सांगली जिल्ह्यात इस्लामपूरला दुष्काळाच्या प्रश्नावर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. माणसे मारली गेली. हे सांगितले पाहिजे, कारण रोजगार हमी ही कोणा एका सज्जनाच्या मनात उगवलेली कल्पना होती, अशी गोष्ट अलीकडे सांगितली जाते.

त्या सज्जनाचे श्रेय मला कमी करावयाचे नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे याच भागातले. तासगाव तालुक्यातील विसापूरच्या परिसरात त्यांनी १९६५ च्या सुमारास हमीच्या रोजगाराचा प्रयोग करून पाहिला होता. कल्पना त्यांची होती, पण तिला बळ रस्त्यावरच्या माणसांनी दिले. दुष्काळ सरल्यावर सरकारला कामे बंद करता आली नाहीत, कारण तोपर्यंत लोकांना एक गोष्ट कळून चुकली होती की, काम हे मागता येते. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात कामाचा हक्क मार्गदर्शक तत्त्व म्हणून लिहिलेला होता. कोर्टात जाऊन मागता येणार नाही असा तो हक्क. महाराष्ट्राने तो कायद्याच्या पुस्तकात आणला. काम मागा, पंधरा दिवसांत मिळेल; न मिळाल्यास बेकारीभत्ता मिळेल; आणि वर्षाच्या दिवसांवर मर्यादा नाही.

या कायद्याचा पैसा कोठून आला, ही बाब मला फार मोलाची वाटते. १९७५ च्या व्यवसाय कराच्या कायद्याने शहरातील नोकरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्याकडून कर घेण्यात आला आणि तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावयाची असे ठरले. म्हणजे मुंबईतल्या पगारदाराच्या पाकिटातून दरमहा काही रुपये निघाले आणि ते माणच्या बांधबंदिस्तीत आले. त्या पगारदाराच्या घरी भांडी घासणारी बाई आणि त्याच्या गोदामात पोती उचलणारा हमाल बहुधा याच मुलखातून गेलेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्याला उपकार म्हणण्याचे कारण उरत नाही.

युरोपात हाच प्रश्न फेब्रुवारी १८४८ मध्ये पॅरिसच्या रस्त्यांवर विचारला गेला होता. राजा पळाला, प्रजासत्ताक आले, आणि कामगारांनी नव्या सरकारकडून कामाचा हक्क लिहून घेतला. लुई ब्लां यांची मागणी कामगारांच्या सहकारी कर्मशाळांची होती. सरकारने नाव तेच ठेवले आणि प्रत्यक्षात बेकारांकडून माती उकरून घेणाऱ्या 'राष्ट्रीय कर्मशाळा' उघडल्या. लोकांना निरर्थक कामाला लावावयाचे, मग काम निरर्थक आहे अशी ओरड करावयाची, आणि त्या ओरडीच्या आधारे योजना बंद करावयाची, ही युक्ती तेव्हापासूनची आहे. जूनमध्ये कर्मशाळा बंद करण्याचा हुकूम निघाला, कामगार उठले, आणि चार दिवसांत हजारो माणसे मारली गेली. 'रोजगार हमी म्हणजे खड्डे खणा आणि बुजवा' हे वाक्य तुम्ही चावडीवर ऐकले असेल. ते चावडीवरचे नाही, पॅरिसचे आहे.

पण टीकेत तथ्य नाही असे म्हणून मी पुढे जाणार नाही. आपल्या घरातले दोष आपणच सांगावेत. हमीच्या कामांतून पाझर तलाव झाले, नाले अडविले गेले, विहिरींना पाणी आले. ते पाणी कोणाच्या विहिरीला आले? ज्याची जमीन तलावाच्या खाली होती त्याच्या. तलावाची माती जिने वाहिली तिला आठवड्याचा पगार मिळाला आणि तिचा तलावाशी संबंध संपला. पुढे १९९० पासून हमी योजनेला फळबागांची जोड मिळाली. आटपाडी-सांगोल्याच्या माळावर डाळिंब उभे राहिले. ओसाड माळाचे सोने झाले यात शंका नाही, आणि लहान शेतकऱ्यालाही त्यातून चार पैसे दिसले. परंतु ज्याच्याजवळ माळच नव्हता त्याला डाळिंबाच्या बागेत पुन्हा मजुरीच मिळाली. मजुरीचा हक्क दिला, मालमत्तेत वाटा दिला नाही. काम मागण्याचा अधिकार दिला, काम निवडण्याचा दिला नाही. विषमता कमी करण्याची योजना विषमतेच्या उतारानेच वाहत गेली.

याला उत्तर शोधणारी माणसेही येथलीच. खानापूर तालुक्यात येरळेच्या काठी बलवडीला ऐंशीच्या दशकात शेतकऱ्यांनी आणि मुक्ती संघर्ष चळवळीने बळिराजा धरण बांधले. तेथे पाणी जमिनीच्या प्रमाणात वाटावयाचे नाही, माणसांच्या प्रमाणात वाटावयाचे, भूमिहीनालाही त्याचा वाटा द्यावयाचा, असा विचार मांडला गेला. या उभारणीत मुंबईच्या गिरण्यांचा माणूसही होता, हे विसरू नये. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हजारो गिरणी कामगार गावी परतले. गावी दुष्काळ होता. संघटना कशी करावी हे शिकलेला माणूस आणि पाण्यावाचून तडफडणारे गाव अशी ती गाठ पडली. पुढे १९९३ मध्ये आटपाडीला पाणी परिषद भरली. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांनी तेरा दुष्काळी तालुक्यांचा आवाज एकत्र केला. टेंभूचे पाणी आज माळावर दिसते त्यामागे त्या परिषदांना जमलेल्या लोकांची चिकाटी आहे. समन्यायी वाटपाचे काम मात्र अजून पुरे झालेले नाही. पाणी आले की आधी ऊस येतो, आणि ऊस आला की समन्यायाची भाषा कमी होते. हा टोमणा मी विरोधकांना मारीत नाही. आपल्याही काही मंडळींना तो लागावा.

जे गावी राहिले त्यांची ही कथा. पण माण-खटाव-खानापूरने आपली निम्मी माणसे नेहमीच बाहेर पाठविलेली आहेत. सोने-चांदी गाळणारे गलाई कामगार देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत गेले. कोयता घेऊन ऊसतोडीला गेले ते मुकादमाची उचल घेऊन गेले, आणि ती फेडता फेडता पुढच्या हंगामाची उचल अंगावर आली. आणि फार मोठ्या संख्येने सातारा जिल्ह्यातील माणसे मुंबईच्या बाजारात पाठीवर पोते घेऊन उभी राहिली. या माथाडीला मालक नव्हता. किंबहुना शंभर मालक होते, म्हणून एकही नव्हता. अशा माणसाला रजा कोण देणार, भविष्यनिर्वाह निधी कोण भरणार? पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्यातली युक्ती साधी आहे. कामगार मंडळाकडे नोंदलेला, व्यापारीही मंडळाकडे नोंदलेला. व्यापारी मजुरी आणि तिच्यावरचा अधिभार मंडळाकडे भरतो. मंडळ मजुरी देते आणि अधिभारातून निधी, रजा, बोनस, औषधपाणी यांची सोय करते. मंडळावर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येने बसतात, सरकारचे प्रतिनिधी वेगळे.

आता युरोपात चला. जर्मनीने १९७६ च्या कायद्याने दोन हजारांहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळावर निम्म्या जागा कामगारांना दिल्या. त्याचा गौरव जगभर होतो आणि तो व्हावाही. पण तो कायमच्या, पगारी, कारखान्यातल्या कामगारांपुरता आहे. आज युरोपातल्या शहरांत सायकलवरून जेवणाचे डबे पोचविणाऱ्या तरुणाला मालक कोण हे ठाऊक नाही. त्याला मोबाईलमधून हुकूम येतो. हा कामगार आहे की स्वतंत्र व्यावसायिक, यावर तेथे वर्षानुवर्षे कोर्टबाजी झाली आणि २०२४ मध्ये युरोपीय संघाने त्यासंबंधी निर्देश काढला. जो प्रश्न युरोपाला आज पडला आहे, तो मशीद बंदरच्या हमालाने पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी सोडविला होता. आपल्या लोकांना हे माहीत नसते, कारण आपण हमालाला विचारवंत समजत नाही.

युरोपात सगळे आलबेल आहे असा आपल्याकडे एक समज आहे. युरोपीय संघाच्याच आकडेवारीनुसार २०२४ मध्ये तेथील सुमारे नऊ कोटी तेहतीस लाख माणसे, म्हणजे दर शंभरांत एकवीस, दारिद्र्याच्या किंवा समाजाबाहेर फेकले जाण्याच्या छायेत होती. तेथले दारिद्र्य आणि येथले दारिद्र्य एका मापाने मोजता येत नाही, हे खरे. तेथे दवाखाना आहे, शाळा आहे, बेकारीभत्ता आहे. पण तेही आकाशातून पडलेले नाही, आणि ते सर्वांपर्यंत पोचलेलेही नाही. इटलीत रोमच्या दक्षिणेला लातीना नावाचा जिल्हा आहे. तेथील शेतांवर हजारो भारतीय, मुख्यतः पंजाबी मजूर राबतात. जून २०२४ मध्ये तेथे एका भारतीय शेतमजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. त्याला दवाखान्यात न नेता त्याच्या घरासमोर टाकून देण्यात आले. तो मेला. त्याच्या नावावर कामाचा कागद नव्हता.

त्या शेतांवर मजूर पुरविणारा जो मधला माणूस असतो त्याला इटालियन भाषेत 'कापोराले' म्हणतात. कोणीही उसाच्या फडात गेलेला माणूस त्याला मुकादम म्हणून ताबडतोब ओळखील. २०१६ मध्ये इटलीने या मुकादमीविरुद्ध कडक कायदा केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लातीनाच्या पंजाबी मजुरांनी संप केला होता. पगडी बांधलेली माणसे एका परक्या गावाच्या चौकात उभी राहून मजुरी मागत होती. कायदा झाला, आणि आठ वर्षांनी तो तुटलेला हात. कायदा पुरेसा नसतो हे मी आपल्याला निराश करण्यासाठी सांगत नाही. कायद्यामागे रोज उभा राहणारा माणूस लागतो, आणि तो नेमका येथे बसला आहे, म्हणून सांगतो.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 'प्रतिष्ठेचे काम' हा शब्दप्रयोग १९९९ मध्ये रूढ केला. तीच संघटना, जिच्या १९१९ च्या वॉशिंग्टनच्या पहिल्या अधिवेशनात आपले ना. म. जोशी हिंदी कामगारांच्या वतीने बसले होते. उत्पादक काम, पुरेशी मजुरी, सुरक्षितता, आणि आपल्या कामाविषयी बोलण्याचा अधिकार, असा त्याचा आशय. या फूटपट्टीने आपली हमी मोजा. २००५ मध्ये केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. महाराष्ट्राचे बीज देशभर पेरले गेले याचा आपल्याला अभिमान वाटला. त्या कायद्याने शंभर दिवस दिले, कामे ठरविण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला, कामावर पाणी, सावली, पाळणाघर यांची तरतूद केली, सामाजिक अंकेक्षण आणले. कागदावर एवढे सारे होते. मजुरी मात्र २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये होती. मजुरी महिनोन् महिने थकली. हजेरी मोबाईलवर, दिवसातून दोनदा छायाचित्र काढून घ्यावयाची असा नियम आला. डोंगरकपारीत जेथे फोन लागत नाही तेथे हजेरी लागत नाही, आणि हजेरी नाही तर दिवस भरत नाही. टेंपलसाहेबांजवळ निदान तराजू होता. त्याच्याशी भांडता तरी येत होते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस शंभराचे एकशेपंचवीस झाले, ही जमेची बाजू. पण खर्चाचा साठ टक्के भाग केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा. केंद्राने राज्यागणिक रक्कम ठरवून द्यावयाची आणि त्यापेक्षा जास्त खर्च झाल्यास तो राज्याने सोसावयाचा. म्हणजे दुष्काळ ज्या वर्षी येईल त्या वर्षी रक्कम आधीच ठरलेली असेल. पाऊस आमच्या मागणीप्रमाणे पडत नाही, काम तरी पडावे म्हणून हमी होती. शिवाय पेरणी-कापणीच्या हंगामात मिळून साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभा नव्या कायद्यात आहे. शेतीला मजूर मिळत नाहीत ही तक्रार जुनी आहे. १९८८ मध्ये हमीची मजुरी किमान वेतनाशी जोडली गेली तेव्हाही बागायतदार असेच बोलत होते. लहान शेतकऱ्याची अडचण खरी आहे, तिची थट्टा मी करणार नाही. पण तिचा उपाय मजुराचा हक्क साठ दिवस खुंटीला टांगणे हा नव्हे. दुसरीकडे जाण्याचे दार बंद झाले की बाईची मजुरी बांधावर किती ठरते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

या साऱ्यात सहभागाचे काय? आटपाडी हा भाग पूर्वी औंध संस्थानात होता. १९३९ मध्ये औंधच्या राजाने, गांधीजींच्या सल्ल्याने, आपली सत्ता लोकांच्या हाती दिली आणि ग्रामपंचायतींना खरे अधिकार मिळाले. एका लहानशा, गरीब, दुष्काळी संस्थानात हे घडले. आज ग्रामसभा भरते तेव्हा सतरंजीवर कोण असते आणि भिंतीला टेकून बाहेर कोण उभे असते, हे एकदा मोजा. म्हसवडला २०१२-१३ मध्ये आणि पुन्हा २०१८-१९ मध्ये चारा छावण्या उभ्या राहिल्या. माणसे जनावरांबरोबर महिनोन् महिने छावणीत राहिली. त्यांत शेण काढणाऱ्या, वैरण टाकणाऱ्या, पाणी पाजणाऱ्या बहुतेक बायकाच. त्या श्रमाचे मस्टर कोठे आहे? ग्रामसभेच्या आराखड्यात त्या बायकांनी सुचविलेले एक तरी काम आहे काय?

येथे आलेल्या प्रत्येक साथीने आपल्या गावी परत गेल्यावर करावयाचे काम मी आता सांगतो, आणि ते अगदी लहान आहे. नव्या कायद्याप्रमाणे प्रत्येक राज्याने आपली योजना जाहीर करावयाची आहे. ती वाचा, मराठीत करून चावडीवर लावा. तिच्यात १९७७ च्या कायद्यातली वर्षभराची, दिवसांची मर्यादा नसलेली हमी राहते की जाते, हे आपल्या आमदाराला जाहीर सभेत विचारा. आणि काम हवे असलेल्या बायामाणसांचे अर्ज एकत्र करून ग्रामपंचायतीत एकाच दिवशी द्या. ग्रामसेवक 'ठेवून जा, बघतो' म्हणेल. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही आणि शिक्का पडल्याखेरीज तेथून उठू नका. बेकारीभत्त्याचे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात, आणि आजवर ज्या ज्या मजुरांचा भत्ता बुडाला, त्यांतल्या बहुतेकांजवळ ती तारीख नव्हती.